मौन हीही सूचनाच

तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, हे बँकेशी संबंध आलेल्या बहुतेकांना ठाऊक असते. संगणकाच्या किल्ल्या मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच त्या कोणाच्या हाती आहेत आणि त्यांनी कोणकोणती दारे उघडतात, याचा विचार क्वचितच होतो.

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे सिटी युनियन बँकेचे मुख्यालय आहे. ज्या भूमीवर १६७६ ते १८५५ या काळात मराठी राजवट नांदली, तेथे १९०४ साली स्थापन झालेली ही बँक. ६ फेब्रुवारी २०१८ च्या सायंकाळी परदेशी रक्कम पाठविण्याच्या ‘स्विफ्ट’ या संदेशप्रणालीतून बँकेच्या नावे तीन बनावट आदेश बाहेर पडले. एकूण रक्कम सुमारे वीस लाख डॉलरची होती. अशा प्रत्येक आदेशाची पोच प्रिंटरवर छापली जात असे. पण हल्लेखोरांनी तो प्रिंटरच बंद पाडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताळमेळ घेताना प्रकार उघडकीस आला. दुबईकडे निघालेले पाच लाख डॉलर परत मिळाले. उरलेली रक्कम तुर्कस्तान व चीनमधील खात्यांकडे गेली होती. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर फेब्रुवारी २०१६ मध्ये झालेल्या हल्ल्यातही प्रिंटर असाच मुका करण्यात आला होता.

या घटनांचा बोध असा, की पहारेकरी ज्या घराची राखण करतो, त्याच घराच्या किल्लीने त्याला कोंडता येत असेल, तर तो पहारा नव्हे. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना संगणकप्रणालींवर अखंड देखरेख ठेवण्यास सांगितले. त्यानुसार दूरच्या केंद्रात बसून शाखाशाखांच्या संगणकांवर लक्ष ठेवता येते. परंतु ही देखरेख किती भरवशाची, हे तिला दिलेल्या अधिकारांवर ठरते.

सोयीसाठी देखरेखीच्या प्रणालीला सर्वाधिकार देऊन टाकण्याचा मोह होतो. जोडणी चटकन होते, अडथळे येत नाहीत. पण त्या एका खात्याचा परवलीचा शब्द चोरीस गेला, तर साऱ्या शाखांची दारे एकदम उघडतात. म्हणून देखरेखीला केवळ पाहण्याचा अधिकार असावा, बदलण्याचा नव्हे. तिचे खाते स्वतंत्र असावे. त्यात प्रवेश करताना परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी ओळखही मागितली जावी. नोंदी तत्काळ वेगळ्या संगणकावर जाव्यात आणि मूळ संगणकाच्या व्यवस्थापकालाही त्या पुसता येऊ नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक यंत्राने ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ असा संदेश द्यावा आणि तो न आल्यास आपोआप इशारा मिळावा. मौन हीही सूचनाच मानली पाहिजे.

मराठेशाहीतील पत्रांच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. मोर्तब झाले की मजकूर संपला. त्यापुढे कोणी अक्षर वाढवू शकत नसे. अधिकार देताना त्याची मर्यादाही त्याच कागदावर आखण्याची ही रीत संगणकाच्या युगातही तितकीच मोलाची आहे.

यावर आक्षेप घेतला जाईल, की मोजक्या कर्मचाऱ्यांच्या शाखेत एवढी विभागणी कामाचा खोळंबा करते. आक्षेप खोटा नाही. रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचा परवलीचा शब्द वापरून रांग हलती ठेवण्याची वेळ कोणावर येऊ नये, यासाठी पर्यायी अधिकारी नेमणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. शिस्तीचा सारा भार खिडकीमागच्या एकट्या कर्मचाऱ्यावर टाकणे न्याय्य नाही.

ग्राहकांनाही हेच सूत्र लागू पडते. खात्यातील व्यवहाराचा संदेश मोबाइलवर येतो, हा त्यांचा पहारेकरी. सिमकार्डची बनावट प्रत काढून भामटे नेमका तोच संदेश वळवून घेतात. इतरांच्या फोनला नेटवर्क असताना आपलाच फोन अचानक मुका झाला, तर ‘होईल सुरू’ म्हणून स्वस्थ न बसता मोबाइल कंपनीस व बँकेस दुसऱ्या फोनवरून त्वरित कळवावे. कुंभकोणमचा प्रिंटर एका रात्रीपुरताच गप्प होता. तेवढ्या अवधीत पैसा समुद्रापार गेला.