मृत्युकिनाऱ्यावरचा दिवा

"काय नाव म्हणालात त्या किनाऱ्याचं?" सौ.ने विचारले.

"कोस्ता दा मोर्ते," मी म्हणालो आणि अर्थ गिळून टाकला. पण जावईबापूंनी गाडी सुरू करता करता सांगून टाकलेच, "मृत्यूचा किनारा!"

झाले! आमचे धाकटे चिरंजीव मालवाहू बोटीवर नोकरीला. सौ.चा चेहरा उतरला. लेक मागच्या सीटवरून नवऱ्याला डोळ्यांनी दटावत होती, पण बाण सुटला होता.

वाचकहो, हा किनारा स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिशिया प्रांतात आहे. ला कोरुन्या शहरापासून फिनिस्तेर्रेच्या भूशिरापर्यंत सरळ रस्त्याने जेमतेम शंभर किलोमीटर. आम्ही मात्र किनारा धरून निघालो आणि दोन दिवस रमलो. वाटेत हिरवीगार कुरणे, मक्याची शेते आणि दगडी पायांवर उभी केलेली धान्याची कोठारे. उंदीर चढू नयेत म्हणून पायांवर सपाट चकत्या बसवलेल्या! मग एकाएकी रस्ता वळतो आणि खाली काळ्याकरड्या खडकांवर अटलांटिक महासागर डोके आपटत असतो.

विलान भूशिराच्या अलीकडे, कच्च्या रस्त्याच्या कडेला, एक लहानसे दगडी कुंपण लागते. ती इंग्रजांची दफनभूमी. १८९० च्या नोव्हेंबरात ब्रिटिश आरमाराची 'सर्पंट' ही युद्धनौका वादळात इथल्या खडकांवर फुटली. सुमारे पावणेदोनशे खलाशांपैकी अवघे तीन वाचले. सौ. कुंपणापाशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "यांच्या आयांना कधी कळलं असेल हो?"

मला उत्तर सुचेना.

पुढे विलानचा दीपस्तंभ आला. इथे आधीही दिवा होता. पण तो मंद, आणि डोंगराच्या आड थोडा झाकलेला. 'सर्पंट'च्या अपघातानंतर उंच कड्यावर नवा मनोरा उठला आणि १८९६ साली त्यात विजेचा दिवा लागला. विजेवर चालणारा स्पेनमधला हा पहिला दीपस्तंभ. "म्हणजे माणसं गेल्यावर दिवा लावला," सौ. म्हणाली. जावईबापू हळूच म्हणाले, "हो आई. पण त्यानंतर तो लावतच राहिले."

कामारिन्यास गावात बायका लाकडी चात्या खुळखुळवत लेस विणतात. पुरुष समुद्रावर, बायका विणकामावर, अशी इथली जुनी रीत. सौ.ने एक रुमालाएवढा तुकडा घेतला, तोही भाव न करता! समोरच्या तीरावर मुशिया दिसत होते. पण आपल्या कोकणातल्यासारखा खाडीला भला मोठा वळसा घालावा लागला. २००२ साली 'प्रेस्टिज' नावाची तेलवाहू बोट या किनाऱ्यासमोर बुडाली, तेव्हा इथले खडक काळ्या तेलाने माखले होते. स्पेनभरातून हजारो स्वयंसेवक आले आणि त्यांनी फावड्यांनी, हातांनी ते तेल उपसून काढले. आज तिथे पाणी निळे आहे.

संध्याकाळी फिनिस्तेर्रेला पोचलो. नावाचा अर्थच 'भूमीचा शेवट'. खरे तर स्पेनच्या मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेचे टोक जवळचे तोरिन्यान. पण मान मिळाला फिनिस्तेर्रेला! सूर्य बुडाला, दीपस्तंभ उजळला. दूर क्षितिजावर बोटींचे दिवे ओळीने सरकत होते. सुएझकडून उत्तर युरोपातल्या बंदरांना जाणाऱ्या बोटींची ही वाट. "आपला गेल्या साली इथूनच गेला असेल ना?" सौ.ने विचारले. मी मान हलवली. तिने दीपस्तंभाला हात जोडले. देवळापुढे जोडते तसेच.

परवा फराळाचे डबे भरताना तिने ती लेस बाहेर काढली. लक्ष्मीपूजनाला समईखाली घालणार म्हणे.

"अगं, एवढी महागाची! तेल सांडेल."

"सांडू दे. दिवा लागल्याशी कारण."

धाकट्याची रजा अजून मंजूर झालेली नाही. समई मात्र घासून लख्ख तयार आहे.