प्रतिसंस्काराची थांबलेली परंपरा

काही दिवसांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थी कापडात गुंडाळलेले जाडजूड पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'चे केलेले मराठी भाषांतर, 'सार्थ वाग्भट'. त्याच्या घरी ते पणजोबांच्या काळापासून पोथ्यांशेजारी ठेवलेले आहे. वडील बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्यांत काम करतात. आठवड्याला पाळी बदलते, झोप लागत नाही, जेवण पचत नाही. या सगळ्याची उत्तरे घरच्याच ग्रंथात आहेत, असे कोणीतरी त्यांना सांगितले. "सर, उत्तरे असतीलही, पण यातले आज काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे कुठेच लिहिलेले नाही," असे तो मुलगा म्हणाला.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक. वैद्यकात मला गती नाही. वडिलांना डॉक्टरांकडे ने, एवढेच मी त्याला सांगू शकलो. परंतु त्याचा प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हता. कारखान्यातील यंत्र झिजते, म्हणून हिशेबात दरवर्षी घसारा धरतात आणि नूतनीकरणासाठी रक्कम राखून ठेवतात. ज्ञान हीदेखील समाजाची भांडवली मालमत्ताच होय. तिचा घसारा कोणी धरायचा आणि नूतनीकरणाचा खर्च कोणी सोसायचा, हा त्या मुलाच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न आहे.

संहिता कधीच गोठलेली नव्हती

प्राचीन संहितांना हात लावणे म्हणजे पाखंड, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. या संहितांचा स्वतःचा इतिहास मात्र त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. आज आपण जिला चरकसंहिता म्हणतो, ती मुळात अग्निवेशाची. चरकाने तिचा प्रतिसंस्कार केला. पुढे तिचा मोठा भाग हरवला, तेव्हा दृढबलाने इतर तंत्रांतून वेचून १२० पैकी ४१ अध्याय पुरे केले. म्हणजे सुमारे एकतृतीयांश ग्रंथ त्याच्या हातचा आहे. हे त्याने लपविले नाही. संस्कर्त्याचे काम काय, हेही त्याने सांगून ठेवले: जे त्रोटक असेल ते विस्ताराने मांडावे, जे पाल्हाळिक असेल ते आवरावे आणि जुन्या तंत्राला पुन्हा नवे करावे. संपादनशास्त्राची इतकी नेमकी व्याख्या आधुनिक विद्यापीठांनाही सहज सुचणार नाही.

वाग्भट तर याहून धीट. केवळ ऋषींनी लिहिले म्हणूनच ग्रंथ वाचायचा असेल, तर चरक-सुश्रुत सोडून भेल का वाचत नाही, असा त्याचा रोकडा सवाल आहे. वचन कोणाचे आहे हे न पाहता ते चांगले आहे की नाही हे पाहावे, असा त्याचा निष्कर्ष. याच वाग्भटावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. राज्यकारभार सांभाळणाऱ्या मराठी मुलखातील मंत्र्याला वैद्यकाच्या ग्रंथात लक्ष घालावेसे वाटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाशा'त फिरंगरोगाचा समावेश केला. हा रोग ना चरकाला ठाऊक होता, ना सुश्रुताला. ज्या पोर्तुगीजांच्या खुणा वसईपासून केळवे-माहीम, तारापूरपर्यंतच्या किल्ल्यांवर आजही दिसतात, ते ज्या समुद्रमार्गाने आले त्याच मार्गाने तो आला. भावमिश्राने त्याला नाव दिले, लक्षणे नोंदली आणि चोपचिनीसारखे परदेशातून आलेले द्रव्य त्यावर सांगितले. पूर्वसूरींच्या ग्रंथात नाही म्हणून रोगच नाही, असे त्याने म्हटले नाही.

छापखाना आणि कायदा

मग ही परंपरा थांबली कोठे? गेल्या दीड शतकात मुद्रणाने या ग्रंथांवर फार मोठे उपकार केले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने वाग्भट दोन टीकांसह छापला. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांनी हस्तलिखिते ताडून चरक व सुश्रुत यांच्या चोख आवृत्त्या सिद्ध केल्या. जामनगरहून १९४९ मध्ये चरकाची सहा खंडांची आवृत्ती हिंदी, गुजराती व इंग्रजी भाषांतरांसह निघाली. मराठीतही भाषांतरे झाली. परंतु शुद्ध पाठ ठरविणे हे एक काम आणि प्रतिसंस्कार हे दुसरे. पहिले उत्तम झाले आणि त्याच समाधानात दुसरे राहून गेले.

त्यातच कायद्याची भर पडली. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ मध्ये आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. आयुर्वेदीय औषध कोणते, हे ठरविण्यासाठी पन्नासाहून अधिक प्रमाणग्रंथांची यादी कायद्याला जोडण्यात आली. तीत चरक, सुश्रुत, वाग्भट आहेत, तसा शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्'ही आहे. ग्रंथोक्त पाठाप्रमाणे तयार केलेल्या औषधाला परवाना मिळविताना नव्या औषधाइतका पुरावा द्यावा लागत नाही. म्हणजे जुना श्लोक हा आज एक आर्थिक हक्क होऊन बसला आहे. तो तपासला जाऊ नये, यात उत्पादकाचा सरळ लाभ आहे. आणि ज्याच्या तपासणीत कोणाचाच लाभ नाही, ते काम बाजार आपण होऊन करीत नाही.

बाजाराने स्वतःचा एक प्रतिसंस्कार मात्र चालू ठेवला आहे. फलाटावरील पुस्तिका आणि मोबाइलवर फिरणारे संदेश पाहावेत. मूळ ग्रंथात औषधासोबत प्रकृती, ऋतू, वय, बल, मात्रा आणि निषेध यांची बंधने असतात. विक्रेत्याच्या संक्षेपात बंधने गळतात आणि आश्वासन तेवढे उरते. दृढबलाने संक्षेप सांगितला होता, तो हा नव्हे.

चरकाने पाहिलेले पाणी

खरा प्रतिसंस्कार काय करील, याचे उदाहरण मला आमच्याच परिसरात दिसते. चरकाच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे. प्रकृती, आहार, वय निरनिराळे असूनही माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, असा अग्निवेशाचा प्रश्न आहे. आत्रेय सांगतात की वायू, जल, देश आणि काल हे चार सर्वांना सामाईक असतात. ते बिघडले की सारा जनपद बिघडतो. बिघडलेल्या पाण्याचा वास, रंग, चव आणि स्पर्श बदलतो, जलचर घटतात, पाणपक्षी ते सोडून जातात. आणि मूळ कारण? प्रज्ञापराध आणि अधर्म. देशाचे, नगराचे, व्यापारी संघांचे प्रमुख अधर्माने वागू लागले की त्यांच्या आश्रयाने राहणारे आणि व्यवहारावर जगणारे तो अधर्म वाढवितात.

सामाईक वस्तूची हानी करणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा, हे सूत्र आम्ही वर्गात पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने शिकवितो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरले. खाडीतील मासळी गेली म्हणून मांगेला समाजाची संघटना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये कारखान्यांना आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भरपाईचा आदेश दिला. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. जलचर घटले ही चरकाची खूण कोळ्यांनी प्रयोगशाळेच्या आधी ओळखली होती.

परंतु येथेच चरकाची मर्यादाही उघड होते. त्याच्या पाण्याला वास आणि रंग आहे. आजची कित्येक विषे रंगहीन व गंधहीन असतात आणि नितळ पाण्यातूनही पोटात जातात. तेव्हा नव्या संस्कर्त्याने या अध्यायात रासायनिक तपासणीची जोड दिली पाहिजे, आणि ती आपली भर आहे हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांचेही तसेच. जागरण झाल्यास जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही खाण्यापूर्वी झोपावे, असे वाग्भट सांगतो. एखाद्या रात्रीसाठी हे ठीक. वर्षानुवर्षे आठवड्याला बदलणाऱ्या पाळीचे काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडविणारी रात्रपाळी कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरली आणि २०१९ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला. वाग्भटाच्या एका ओळीचा विस्तार करावयाचा तो येथे.

वगळायचे तेही उघडपणे

भर घालणे सोपे, वगळणे अवघड. पुत्रप्राप्तीसाठी सांगितलेला पुंसवनविधी चरकात आहे, वाग्भटातही आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमातील या भागावरून वाद उठला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा करणाऱ्या राज्यात हा विधी शास्त्र म्हणून शिकवावा, हे शोभणारे नाही. म्हणून तो पाठ चोरून कापावा, असेही मी म्हणत नाही. इतिहास म्हणून तो छापावा आणि उपचार म्हणून तो त्याज्य का, हे त्याच पानावर लिहावे. गुपचूप केलेली काटछाट ही खोटेपणाचीच एक जात आहे.

याउलट जे कधी लिहिलेच गेले नाही, त्याचे काय? गुराखी, मेंढपाळ, वनवासी यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, असे चरकच म्हणतो. जव्हार, डहाणू, तलासरीच्या वारली व कातकरी वस्त्यांतील जाणत्यांचे ज्ञान ग्रंथात आले पाहिजे, हे उघड आहे. मात्र येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला धोक्याची सूचना देणे भाग आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपाच्या जबाबदारीतून सूट दिली. आदिवासींचे ज्ञान आधी ग्रंथात घ्यायचे आणि ग्रंथात आले म्हणून मग त्यांचा वाटा बुडवायचा, असे होता कामा नये. नोंद करण्यापूर्वी त्यांच्या ग्रामसभांशी लेखी करार व्हावा.

हे काम एखाद्या प्रकाशकाच्या आवाक्यातले नाही. ते विद्यापीठांचे व शासनाचे आहे, आणि त्याला लागणारा पैसा एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल. संपूर्ण संहिता हाती घेण्याची घाई नको. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने जनपदोद्ध्वंसाचा एकच अध्याय घ्यावा. वैद्य, डॉक्टर, संस्कृतज्ञ, रसायनशास्त्रज्ञ यांच्याबरोबर बोईसरच्या एका कामगाराला आणि किनाऱ्यावरच्या एका मासेमाराला बसवावे. मूळ पाठ, आज टिकणारा भाग, आज न टिकणारा भाग आणि नवी भर हे चार ठशांत वेगळे छापावे. भरीखाली लिहिणाऱ्याचे नाव व वर्ष असावे आणि दर दहा वर्षांनी ते पान पुन्हा तपासले जावे.

त्या अध्यायात आत्रेय अग्निवेशाला आणखी एक गोष्ट सांगतात. भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधे गोळा करून ठेवा. नंतर त्यांचे रस, वीर्य, विपाक उरणार नाहीत. हा सल्ला ग्रंथांनाही लागू आहे. माझ्या विद्यार्थ्याने ते पुस्तक पुन्हा कापडात गुंडाळून घरी नेले आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणारे पान अजून कोणी लिहिलेले नाही, आणि ते लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्या पुस्तकात कोठेही म्हटलेले नाही.