यीस्टच्या टाकीतले सेक्रोपिन

कीटकांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तरीही जिवाणूंचा शिरकाव झाला की काही तासांतच त्यांच्या रक्तद्रवात जिवाणू मारणारी प्रथिने उतरू लागतात. स्वीडनमधील हान्स बोमन यांच्या गटाने सेक्रोपिया पतंगाच्या कोषांत जिवाणू टोचून ही प्रथिने मिळवली आणि 1981 मध्ये त्यांची रचना प्रसिद्ध केली. त्यांपैकी सेक्रोपिन ए अवघ्या 37 अमिनो आम्लांचे आहे. धनभारामुळे ते जिवाणूच्या ऋणभारित पटलाला चिकटते, आत घुसते आणि पेशीतला ऐवज बाहेर गळू लागतो.

पिकांच्या जिवाणूजन्य रोगांवर शेतकऱ्याच्या हाती फारसे काही नसते. सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबावर झॅन्थोमोनास जिवाणूमुळे तेल्या येतो. फळावर तेलकट डाग उमटतात, ते काळपट होतात आणि फळ तिथेच तडकते. त्यावर फवारतात ती ताम्रयुक्त औषधे आणि स्ट्रेप्टोमायसिन. तांबे जमिनीत साचत जाते. स्ट्रेप्टोमायसिन तर क्षयरोग्यांचे औषध. ते बागेत उडवणे म्हणजे प्रतिरोधी जिवाणू पोसणे आहे. ही फवारणी थांबायलाच हवी, पण त्यासाठी शेतकऱ्याला पर्याय द्यावा लागेल.

सेक्रोपिन असा पर्याय ठरू शकते, पण पतंगांतून ते पुरेसे मिळणार नाही, आणि रासायनिक पद्धतीने बनवणे महाग पडते. ई. कोलाय जिवाणूकडून करून घ्यावे, तर तयार होणारे प्रथिन त्यालाच मारते. यीस्टच्या पेशीचे पटल वेगळे असल्याने ती बरीच तग धरते. म्हणून पिचिया पास्टोरिस या यीस्टमध्ये सेक्रोपिनचे जनुक बसवतात, तेही मेथॅनॉल मिळाल्यावरच चालू होणाऱ्या नियंत्रकापुढे. टाकीत आधी ग्लिसरॉलवर यीस्ट दाट वाढवले जाते, मग मेथॅनॉल सोडले जाते. जनुकाला जोडलेल्या संकेतखंडामुळे प्रथिन पेशीबाहेर द्रवात येते. पिचिया स्वतःची प्रथिने फारशी बाहेर टाकत नसल्याने शुद्धीकरण सोपे होते.

पतंग या प्रथिनाच्या टोकाला अमाइड गट जोडतो. पिचियाला ते जमत नाही, त्यामुळे जोर कमी पडू शकतो. याहून मोठी अडचण पानावर येते. वनस्पतीची आणि सूक्ष्मजीवांची प्रथिनभंजक विकरे सेक्रोपिनचे तुकडे करतात, शिवाय पाऊस ते धुऊन नेतो. अमिनो आम्लांचा क्रम बदलून टिकाऊपणा वाढवता येतो, मात्र प्रत्येक बदलानंतर मधमाश्या आणि माणसासाठीची सुरक्षितता नव्याने तपासावी लागते. प्रयोगशाळेच्या बशीत जिवाणू मेले म्हणून औषध तयार झाले, असे मानू नये. भर पावसाळ्यात, बहर धरलेल्या बागेत ते किती दिवस टिकते आणि एकरी किती खर्च येतो, हे तपासण्यावर पैसा लावला पाहिजे.