कर्करोग आणि खेड्याचें अंतर

कर्करोग गरीब-श्रीमंत पाहत नाहीं, असें म्हणण्याचा प्रघात आहे. रोगापुरतें तें खरें असेल. उपचारापुरतें तें खरें नाहीं. टाटांच्या विश्वस्तनिधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, हे देशावर थोर उपकार झाले. पण मुंबईस दार उघडलें म्हणून गिरडची वाट कांहीं कमी झाली नाहीं.

आमच्या टेकडीवरील बाबा फरीदांच्या दर्ग्यास दूरदूरचे लोक येतात. गिरडच्या रोग्यास मात्र दूर जावें लागतें. आज सेवाग्राम व नागपूर येथें मोठीं रुग्णालयें आहेत, गरिबांचा खर्च उचलणारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मग उणें कशाचें? उणें आहे तें वेळीं निदान होण्याचें. स्तनांतील न दुखणारी गांठ, तोंडांतील न भरणारा चट्टा, पाळी गेल्यावर पुन्हा दिसणारें रक्त, एवढ्यासाठीं मजुरी बुडवून शहर गांठावें, असें कोणत्या मातेस वाटेल? कपाशीची वेचणी होऊं दे, मुलीचें लग्न होऊं दे, असें म्हणतां म्हणतां रोग पसरतो, आणि मग रुग्णालयही हतबल होतें.

हें टळूं शकतें, याचा पुरावा महाराष्ट्रांतील खेड्यांनींच जगास दिला आहे. १९९९ सालीं उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत टाटा स्मारक व बार्शी येथील कर्करोग रुग्णालय यांच्या साह्यानें ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळें होतो, त्याच्या एकाच तपासणीस ३४ हजारांवर स्त्रियांना बोलाविलें होतें. आठ वर्षांत त्यांच्यापैकीं ३४ जणी या रोगानें दगावल्या. नेहमींच्याच व्यवस्थेवर राहिलेल्या ३१ हजारांवर स्त्रियांत मात्र ६४ जणी गेल्या. हे आंकडे २००९ सालीं प्रसिद्ध झाले. त्या ६४ जणींच्या मरणानें जें ज्ञान मिळालें, त्याचें ऋण आपण फेडलें आहे काय?

खेदानें म्हणावें लागतें कीं नाहीं. तीस वर्षांवरील सर्वांचीं तोंडें व स्त्रियांचे स्तन आणि गर्भाशयमुख तपासावें, असें सरकारनें २०१६ सालींच ठरविलें. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं गर्भाशयमुखाची तपासणी कधीं तरी झालेल्या शेंकडा दोनही निघाल्या नाहींत.

बेथेस्दाच्या तळ्याकांठीं अडतीस वर्षें पडून असलेल्या माणसाची कथा विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पाणी जवळच होतें. त्यास पाण्यांत उतरविणारा कोणी नव्हता. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, तपासणीनें गांवाकडे यावें. वेचणीचा हंगाम टाळून प्रत्येक गांवास वर्षाचा एक दिवस नेमून द्यावा, परिचारिकेनेंच तपासावें, आणि जिच्यांत कांहीं आढळेल तिच्यासोबत रुग्णालयापर्यंत कोणी तरी जावें. पालकहो, ग्रामसभेंत ही मागणी आपणच करावयाची आहे. आणि त्या दिवशीं घरचें काम आपण पाहून मातेस मोकळें करावयाचें आहे. विद्यार्थ्यांनीं ही वार्ता घरोघर न्यावी, आणि खर्ऱ्याची पुडी हातीं धरूं नये. तंबाखू-सुपारीनें तोंडास होणारा रोग तर आपल्याच हातानें टाळतां येतो.