चालतंय ते उघडायचं कशाला?

१ जून ते ३१ जुलै. गोव्यात यांत्रिक मासेमारीवर बंदी असते ते हे ६१ दिवस. आपल्यासारख्या मासेखाऊंना हा उपासाचा काळ वाटतो, पण जेटीवर खरी धावपळ याच दिवसांत असते. माझ्या काकांचा एक ट्रॉलर आहे. जूनमध्ये तो किनाऱ्यावर ओढला की काका सगळंच उघडायला लावतात: इंजिन, गिअरबॉक्स, विंच, पंप. "आता मोकळेच आहोत, तर करून टाकू," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि ऑगस्टमधल्या पहिल्या फेऱ्यांत हमखास काहीतरी बिघडतं. गेल्या वर्षी मेपर्यंत निमूटपणे चाललेला गिअरबॉक्स पहिल्याच आठवड्यात तेल गाळू लागला. उघडून बघितलं तर नवीन सील तिरकं बसलेलं! म्हणजे बिघाड आम्हीच, पदरचे पैसे मोजून, आत घातला होता.

आमचा तांडेल जूनमध्येच म्हणाला होता, "चलता न्हय? मागीर उगडटा कित्याक?" तेव्हा सगळ्यांना तो आळस वाटला. मला विचाराल तर तांडेल बरोबर होता. निदान अर्धा तरी.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमानं जर्मन पाणबुड्या शोधत फिरायची. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर त्यांची ठरलेली तपासणी होई. सी. एच. वॉडिंग्टन (हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, बरं का!) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी मांडून पाहिल्या, तर अचानक कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या सर्वांत जास्त निघाल्या तपासणीनंतर लगेच. नंतर त्या हळूहळू घटत. देखभालच विमानं बिघडवत होती! हे सगळं पुस्तकरूपाने बाहेर यायला १९७३ साल उजाडलं.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या ज्या भागांचा त्यांनी अभ्यास केला, त्यांतल्या फक्त ११ टक्के भागांना 'इतके तास झाले, बदला' हा नियम उपयोगी पडण्यासारखा होता. उलट ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता नव्याने बसवल्यावर सर्वाधिक असे, मग ती खाली येऊन स्थिर राही. डीसी-८ विमानाच्या सुरुवातीच्या कार्यक्रमात ३३९ भाग ठरावीक काळाने उघडायचे होते. नव्या विचाराने आखलेल्या डीसी-१० च्या कार्यक्रमात फक्त ७.

पण म्हणून काकांना 'काहीच उघडू नका' सांगणं मूर्खपणा ठरेल. साध्या, घासणाऱ्या, गंजणाऱ्या वस्तू वयाप्रमाणेच झिजतात. पंपातला रबरी इम्पेलर, शाफ्टचं पॅकिंग, विंचची तार, तळाला लावलेल्या जस्ताच्या पट्ट्या, या वेळेवर बदलायलाच हव्यात. गिअरबॉक्ससारख्या अनेक भागांच्या गुंतागुंतीच्या यंत्राला मात्र असं एकच 'वय' नसतं. त्याचं तेल बघा, त्यात धातूचे कण येतात का बघा, आवाज ऐका. खूण दिसली तर उघडा.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक भागाचा निर्णय सुटा सुटा घेता येत नाही. ट्रॉलर पाण्याबाहेर ओढण्याचा खर्च एकदाच होतो. तळ खरवडायला तो वर आलाच आहे, तर पॅकिंगचं आयुष्य सहा महिने उरलेलं असलं तरी ते आत्ताच बदलणं स्वस्त, कारण नंतर त्याच्यासाठी पुन्हा ओढावा लागेल. काकांचं 'करून टाकू' इथे शंभर टक्के बरोबर. पण जे पाण्यात उभ्या होडीतही एका दुपारी होतं, ते केवळ जून आहे म्हणून का उघडायचं? ओढण्याचा खर्च त्याला लागूच नाही.

आणि एक यादी काकांच्या लक्षातच येत नाही: गप्प बसून बिघडणाऱ्या वस्तूंची. पाणी उपसायचा राखीव पंप, पाणी शिरल्यावर वाजणारा अलार्म. हे नादुरुस्त झाले तरी कुणाला कळत नाही, गरज पडेपर्यंत. त्यांना जूनची वाट बघणं बरोबर नाही. दर आठवड्याला बटण दाबून बघायचं, दोन मिनिटांचं काम.

हे सगळं मी काकांसमोर मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, रात्री भर समुद्रात गिअरबॉक्स बसला, तर ओढून कोण आणणार? तुझा तो अमेरिकेतला अहवाल?" प्रश्न रास्त आहे. बिघाडाची शक्यता आणि बिघाडाची किंमत या वेगळ्या गोष्टी, आणि बोटीवर सहा माणसं असतात. माझं उत्तर एवढंच, की उघडल्याने ती शक्यता कमी होत असेल तर जरूर उघडा. पण गेल्या वर्षी ती वाढली होती.

शेवटी तडजोड झाली. यंदा गिअरबॉक्सचं फक्त तेल काढून पांढऱ्या फडक्यावर ओतून बघायचं. कण नसतील तर झाकण बंदच. जे काही उघडलं जाईल ते बंदी उठायच्या १५ दिवस आधी जोडून, जेटीला बांधलेल्या बोटीवर चालवून घ्यायचं, म्हणजे तिरकं बसलेलं सील बंदरातच गळेल. अलार्मचं बटण दाबायचं काम तांडेलाने मागून घेतलं आहे.