विश्लेषण : सुईचा दिलासा औषधाला पर्याय नव्हे

बेंगळुरू : अफूजन्य पदार्थांचे व्यसन सोडताना होणारी अंगदुखी, अतिसार व निद्रानाश यांवरील अ‍ॅक्युपंक्चरचा उपाय १९७३ मधील हाँगकाँगच्या डॉ. वेन यांच्या अहवालामुळे चर्चेत आला. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तथापि, व्यसनमुक्तीबाबतच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधीच आहेत.

२०१९ च्याच राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अशा सेवनासाठी मदतीची गरज आहे. येथील निम्हान्स संस्थेत ब्युप्रेनॉर्फिन औषधाद्वारे उपचार होतात. ते सोडून केवळ सुयांवर विसंबलेला रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळल्यास, शरीराची सहनक्षमता घटलेली असल्याने पूर्वीची मात्राही प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे अ‍ॅक्युपंक्चरचे स्थान औषधोपचाराच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.