आईची गोधडी बोटीवर चढली...

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीला ऑस्ट्रेलियात आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी पाठवली. आई आता नाही, तेवढीच तिची ऊब. हाताला कोरडी लागली, म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून बोटीने रवाना केली. तिथं खोकं उघडलं, तर एका बाजूला बुरशीचे काळे डाग! बहीण फोनवर काही बोलली नाही; तेच मला जास्त लागलं.

चूक माझीच. सुती कापड हवेतला दमटपणा शोषून घेतं. बोटीवरचा लोखंडी कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो. मग आतली वाफ छताला धरते आणि थेंब थेंब गळते.

म्हणून बोटीने कपडे धाडताना एवढं कराच. सुती कपड्यांना दोन-तीन कडक उन्हं द्या. रेशमी कपडे सावलीत वाऱ्यावर टाका. इस्त्री केलेले कपडे पूर्ण गार झाल्यावरच खोक्यात भरा. खळ धुऊन काढा. तिच्यावर बुरशी चटकन धरते, कसरही लागते. पैठणी धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, जरीला डांबरगोळ्या लागू देऊ नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कडुनिंबाचा पाला मात्र नको हं! झाडपाल्याबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक आहेत. सामानाची यादीही नीट लिहा.

यंदा मे महिन्यात उरलेल्या एका लुगड्याचं भाचीसाठी दुपटं शिवलं. चार दिवस गच्चीवर वाळवलं, मगच बांधलं. ते अगदी खडखडीत पोचलं!